नवव्या तारेची घोडी

अर्जाच्या पहिल्या पानावर नाव, वय, पत्ता झाला की लगेच एक रकाना होता : ऱ्यूहा. म्हणजे घराणं. माझं पेन तिथेच अडलं. मिरजेत वाढलेल्या बाईला हा प्रश्न तसा नवा नाही. आमच्याकडे दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दरवर्षी गाणं होतं, आणि आत गाणं चालू असताना बाहेर चहाच्या गाड्यावर कोण कुठल्या घराण्याचं यावरून जवळजवळ हातघाई. पण ते घराणं स्वतःच्या नावापुढे लिहायची वेळ येईल, तीही जपानी लिपीत, असं कधी वाटलं नव्हतं. मी लिहिलं : इकुता. आणि कोणी बघत नाही ना म्हणून उगाच मागे वळून पाहिलं.

कोतो म्हणजे तेरा तारांचं आडवं जपानी वाद्य. तिची दोन मोठी घराणी. इकुता केंग्यो (1656–1715) यांचं एक आणि यामादा केंग्यो (1757–1817) यांचं दुसरं. केंग्यो हे आडनाव नव्हे. अंध वादकांची एक संघटना होती, तिच्यातली ती सगळ्यात वरची पदवी. 1871 मध्ये सरकारने ती संघटनाच मोडीत काढली. कोण कुठल्या घराण्याचं ते कळायला वाजवणं ऐकावंही लागत नाही. वाजवताना बोटांत घालायच्या नख्या इकुतावाल्यांच्या चौकोनी, यामादावाल्यांच्या टोकाला गोलसर. चौकोनी नखीचा कोपरा तारेला लागायला हवा, म्हणून आम्ही वाद्यासमोर तिरके बसतो आणि ते सरळ. आम्ही तिरके, एवढं तरी मला लिहिता आलं.

अर्ज होता होगाकूच्या अखिल जपान स्पर्धेचा. होगाकू म्हणजे जपानचं आपलं, जुन्या परंपरेतलं संगीत : कोतो, तीन तारांचं शामिसेन, बांबूची बासरी शाकुहाची वगैरे. अशा स्पर्धा तिथे बऱ्याच आहेत. क्युशू बेटावर कुरुमे शहरात केनजुन या भिक्षूच्या नावाने कोतोची होते. तिथलं सर्वोच्च पारितोषिक ‘केनजुन पुरस्कार’. कुमामोतोची नागातानी केंग्यो यांच्या नावाने. यांतल्या काही स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला देशाच्या शिक्षणमंत्र्यांच्या नावाचा पुरस्कार जोडलेला असतो. मी ज्या स्पर्धेला गेले तिचं नाव लिहीत नाही. फजिती माझी झाली, त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

आम्ही 2016 मध्ये टोकियोला आलो. नवऱ्याची नोकरी, निशी-कासाईत घर, मुलगा पहिलीत. निशी-कासाईत मराठी ऐकू येतं, कढीपत्ता मिळतो, गणपतीत आरतीला टाळ कमी पडतात. माझं संगीत विशारद प्रमाणपत्र कपाटातल्या फायलीत होतं आणि हार्मोनियम मिरजेत. एका शनिवारी वॉर्डाच्या समाजकेंद्रात ‘कोतो वाजवून बघा’ असा वर्ग होता, फुकट. मुलाला घेऊन गेले. तो दहा मिनिटांत कंटाळला. मी मात्र बाई तारा लावत होत्या तिथून हललेच नाही.

कारण त्या गुणकली राग लावत होत्या.

म्हणजे त्यांना ते माहीत नव्हतं. तेरा तारा, सगळ्या एकाच जाडीच्या, जवळजवळ सारख्याच ताणाच्या. सूर ठरतो तो तारेखालच्या घोडीवरून. प्रत्येक तारेला वेगळी घोडी, ती डावी-उजवीकडे सरकवायची. जपानीत तिला ‘जि’ म्हणतात. मी आपली घोडीच म्हणते, मिरजेत सतारीच्या घोडीवर जवारी काढणारी माणसं बघत मोठी झालेय. पाचवी तार सा धरली, तर सहावी कोमल रे, सातवी म, आठवी प, नववी कोमल ध, दहावी पुन्हा सा. खाली दुसरीपासून मंद्रातले म, प, ध. गंधार नाही, निषाद नाही. भैरव थाटातली गुणकली जशीच्या तशी, वाद्यावर मांडून ठेवलेली. (जयपूरवाल्यांची गुणकली वेगळी, ती नव्हे. हे आधीच सांगते, नाहीतर निरोप येतील.)

तारा लावायच्या या पद्धतीचं नाव हिराजोशी. मी रात्री आईला फोनवर सांगितलं, “आई, इथे हिराजोशी शिकणार आहे मी.” आई म्हणाली, “मिरजेची आहे का गं ती? कोणाची कोण?”

पुढे त्याच बाईंकडे जायला लागले. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. आठ ताताम्यांची, म्हणजे जपानी चटयांची, खोली, समोरासमोर दोन कोतो. ‘ओनेगाई शिमास’ म्हणून कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकायचं, मग वाजवायला सुरुवात. सेन्सेई समोर बसून तेच वाजवतात, आपण बघत-ऐकत मागून जायचं. वही असते. उभ्या ओळींत तारांचे आकडे, एक ते दहा, आणि शेवटच्या तीन तारांना आकड्यांऐवजी नावं : तो, इ, किन. पण वहीच्या आधी तोंडाने म्हणून घ्यायचं. तबल्याचे बोल तसे इथेही बोल आहेत. ‘रोकुदान’ ही सगळ्यांची पहिली मोठी रचना, तिची सुरुवात ‘तेऽन तोन शान’. बोल तोंडात बसले की हात आपोआप जातो, हे मला कोणी पटवून द्यायची गरज नव्हती.

बसणं मात्र जमेना. मांडी घालून जन्म काढला. इथे गुडघे मोडून टाचांवर बसायचं. पहिले सहा महिने वर्ग संपला की मी भिंतीला धरून उठायची आणि सेन्सेई सौजन्याने खिडकीबाहेर बघायच्या.

दुसरी अडचण नख्यांची. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तीन नख्या, चामड्याच्या वळ्यात बसवलेल्या. त्या घट्ट बसाव्यात म्हणून वादक ते वळं जिभेने ओलं करून घेतात. पहिल्यांदा सेन्सेईंनी माझ्यासमोर तीन नख्या एकेक करून तोंडाला लावल्या, तेव्हा माझ्या पोटात आलं : उष्टं! वाद्याला उष्टा हात! आमच्या घरी तानपुऱ्याला पाय लागला तर नमस्कार करतात. मी बरेच महिने वाटीत पाणी घेऊन बसायचे, सेन्सेई काही बोलल्या नाहीत. मग एकदा हिवाळ्यात वाटीतलं पाणी वाद्यावर सांडलं आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मीही जीभच लावते. आईला अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला येत होती. सेन्सेई तारा कानाने लावतात. मी सुरुवातीला फोनवरचं ट्यूनर वापरायचे. सहावी तार, म्हणजे माझा कोमल रे, काटा बरोबर मध्ये आणून ठेवली, की सेन्सेई यायच्या आणि घोडी केसभर डावीकडे ढकलायच्या. काटा खाली. दर वेळी. एकदा मी फोन पिशवीत टाकला, डोळे मिटले, मिरजेतल्या आमच्या बाईंनी पहाटे घासून घेतलेला गुणकलीचा रिषभ आठवला. तो ‘उतरलेला’ हवा, साला चिकटून बसलेला हवा, असं त्या म्हणायच्या. तसा लावला. सेन्सेई आल्या, सहावी तार छेडली, मग ‘तो’ नावाची अकरावी तार, म्हणजे वरचा रिषभ. घोडीला हात लावला नाही. ‘उन्’ एवढंच म्हणाल्या. जपानीत तो साधा हुंकार. मला ती विशारदपेक्षा मोठी पदवी वाटली.

हे आत्ता लिहिलं कारण याच कानाच्या भरवशावर मी पुढचा उपद्व्याप केला.

2020 मध्ये वर्ग बंद पडला, मग पडद्यावरून काही महिने चालला. तारेच्या आवाजाचा पडद्यावर पत्रा होतो. परत समोरासमोर बसलो तेव्हा आम्ही पाच होतो त्यांतल्या दोघीच उरलो. त्या काळात मला स्पर्धेचं वेड लागलं. खरं कारण सांगायचं तर, चाळिशी आली होती आणि कुठे तरी नापास व्हायची तरी संधी मिळावी असं वाटत होतं. सेन्सेईंना विचारलं. त्या बराच वेळ नख्या पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, स्पर्धेत वाजवायला हरकत नाही, पण स्पर्धेसाठी शिकवायची माझी तयारी नाही.

त्याच दिवशी त्यांनी केनजुनची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात कुरुमेच्या झेन्दोजी मंदिरातल्या या भिक्षूने कोतोची जी शैली बांधली, ती त्सुकुशी-गोतो. परंपरा अशी सांगतात की ती अंधांना आणि बायकांना शिकवायची नाही, असा दंडक होता. केनजुनच्या शिष्यपरंपरेतल्या होसुईने हा दंडक मोडला आणि एका अंध तरुणाला शिकवलं. तो पुढे यात्सुहाशी केंग्यो (1614–1685) झाला. आजची सगळी कोतो त्याच्यापासून मोजतात. ‘रोकुदान’ त्याचीच मानतात. म्हणजे दंडक पाळला असता, तर सेन्सेईंच्या हातातही कोतो नसती आणि माझ्याही. गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी अर्ज ओढून घेतला, गुरूच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि लाल शिक्का मारला. तयार नाही म्हणाल्या होत्या ना? मी काही विचारलं नाही.

रचना निवडली ‘मिदारे’. हीसुद्धा यात्सुहाशीच्या नावावर आहे आणि हिराजोशीतच. ‘रोकुदान’चे सहा खंड काटेकोर, प्रत्येकी 104 मात्रांचे, फक्त पहिल्याला चार मात्रा जास्त. ‘मिदारे’त हा हिशेब नाही. खंडांची लांबी कमी-जास्त, नावाचा अर्थच मुळी विस्कटलेलं. लय हळूच सुरू होते आणि कळत नकळत चढत जाते. आपल्याकडे विलंबित संपलं, आता द्रुत, असा उंबरठा असतो. इथे उंबरठा नाही, उतार आहे. आपण कधी पळायला लागलो ते आपल्याच लक्षात येत नाही. हे वाक्य सेन्सेईंचं. मी ते वहीच्या कडेला मराठीत लिहून ठेवलं होतं आणि पुढे त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पहिली फेरी ध्वनिमुद्रणाची. एका दमात वाजवलेलं, कुठे जोड नाही, कात्री नाही. समाजकेंद्राची खोली तीन तास भाड्याने घेतली. पहिल्या दोन वेळा चुकले. तिसरी बरी चालली होती, शेवटच्या पानावर आले आणि बाहेर पाचचा भोंगा सुरू झाला. इथे वस्त्यांमध्ये खांबांवर कर्णे असतात, भूकंप-पुराच्या सूचनेसाठी. ते चालू आहेत ना हे बघायला रोज संध्याकाळी त्यांवरून मुलांचं एक गाणं वाजवतात. खेळणाऱ्या पोरांनी घरी जावं म्हणूनही. गाणं भूपाच्या सुरांत. माझी गुणकली आणि खिडकीतून येणारा भूप, एकाच रेकॉर्डिंगमध्ये. चौथ्यांदा वाजवायला बोटांत जीव नव्हता, तरी वाजवलं. तेच पाठवलं.

दीड महिन्याने लिफाफा आला. जाड होता. मुलगा म्हणाला, जाड म्हणजे पास, नापासाचं पत्र पातळ असतं. त्याला हे जपानी शाळेत कळलं असावं. तो बरोबर होता.

अंतिम फेरी दुसऱ्या शहरात, शिंकानसेनने जायचं. कोतो 180 सेंटीमीटर लांब, किरी नावाच्या हलक्या लाकडाची. वजन फारसं नाही, पण लोकल गाडीत ती घेऊन चढणं म्हणजे दरवाजाच खांद्यावर घेऊन चढणं. सेन्सेईंकडचं चांगलं वाद्य पाठवायचं म्हटलं तर वाटेत काय होईल या काळजीनेच झोप गेली असती. म्हणून तिथल्याच एका दुकानातून भाड्याने घ्यायचं ठरवलं. घोड्या आणि नख्या माझ्या, वाद्य परकं. सेन्सेईंना हे पसंत नव्हतं. त्यांनी तोंडाने तसं म्हटलं नाही. माझ्या तेरा घोड्या मऊ कापडात एकेक गुंडाळून, डबीत घालून स्वतः दिल्या, त्यावरून समजायचं ते समजले.

किमोनो इरोमुजी, एकरंगी, राखाडी-निळा, सेन्सेईंच्या थोरल्या बहिणीचा. आई फोनवर म्हणाली, नऊवारी नेस, चार लोकांत उठून दिसशील. चार लोकांत उठून दिसायचं नव्हतंच मला. आणि किमोनो नेसवताना मी घाबरत होते ते एकाच गोष्टीला : डावी बाजू वर हवी. उजवी वर आली तर तो मेलेल्या माणसाचा पेहराव. आरशात बघून नेसलं की डाव्या-उजव्याचा घोटाळा होतो. तीनदा खात्री केली.

सभागृहाच्या मागच्या बाजूला चहाच्या यंत्राजवळ शाकुहाचीचे एक वयस्कर वादक बसले होते, त्यांच्या शिष्याची पाळी होती. मला बघून त्यांनी विचारलं, कुठून? इंडो, म्हटलं. ते म्हणाले, आमचे यामागुची गोरो आणि तुमच्या एक बाई एकाच यानात बसून गेल्या, माहिती आहे? मला माहीत होतं. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात यामागुचींची शाकुहाची आहे आणि आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहां हो’. मी म्हटलं, त्या बाई गोव्यातल्या केरी गावच्या. यानं सुटली त्याच वर्षी, महिन्याभरात गेल्या. ते गप्प झाले. मग सांगू लागले की यामागुची 1992 मध्ये निन्गेन कोकुहो झाले.

निन्गेन कोकुहो म्हणजे माणसाच्या रूपातला राष्ट्रीय ठेवा. हे बोलीतलं नाव; कागदोपत्री लांबलचक आहे, ‘महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपत्तीचे धारक’ अशा अर्थाचं. 1950 च्या कायद्यातून ही पद्धत आली आणि पहिली नावं 1955 मध्ये जाहीर झाली. आपल्याकडच्या पद्म पुरस्कारांसारखं वाटतं, पण एक फरक मला नेहमी डाचतो. इथे सरकार धारकाला दर वर्षी 20 लाख येन देतं, आणि ते कशासाठी, तर स्वतःची कला घासत राहण्यासाठी आणि पुढच्यांना शिकवण्यासाठी. केसरबाईंना 1969 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्याकडून शिकणं किती कठीण होतं याच्या गोष्टी गोव्यात आणि मुंबईत पुष्कळ ऐकल्यात. वर्षाला पैसे देऊन कोणी म्हटलं असतं, बाई, शिकवा, तर त्यांनी काय केलं असतं? बहुतेक पैसे परत पाठवले असते. पण तरी.

माझा नंबर एकोणीस. नाव पुकारत नाहीत, फक्त आकडा आणि रचना. रंगमंचामागे तारा लावल्या. शेजारी शाळकरी मुलगी, विसाव्या नंबरची, हायस्कूलच्या कोतो क्लबातली, मान खाली घालून लावत होती. तिच्याकडे ट्यूनर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. दोघींनी एकमेकींच्या रिषभाकडे कान लावला आणि हसलो.

दोन मुलांनी माझी कोतो उचलून लाल जाजमावर नेऊन ठेवली. परीक्षक अंधारात, प्रत्येकाच्या टेबलावर लहानसा दिवा, हात तेवढे दिसत होते. वाकले, बसले, नख्या ओल्या केल्या. पहिला सूर बरा लागला.

तीन-चार पानं नीट गेली. मग तो उतार आला. डाव्या हाताचं एक काम आहे, ओशिदे म्हणतात. घोडीच्या डावीकडे तार खाली दाबली की उजवीकडचा सूर चढतो. नववी तार, माझा कोमल धैवत, पुरती दाबली की कोमल निषाद होते. गुणकलीत नसलेला निषाद ‘मिदारे’त असा दाबून आणावा लागतो आणि त्यातच सगळी मजा आहे. मी दाबायला गेले आणि ‘फट्’ असा आवाज झाला.

घोडी आडवी. सभागृहात तो आवाज किती मोठा होतो! तार ढिली पडून वाद्याच्या अंगावर आपटली आणि घोडी घरंगळत दहाव्या तारेखाली जाऊन थांबली.

अशा वेळी थांबायचं नाही. उजवा हात चालू ठेवायचा, डाव्याने घोडी उचलायची, उभी करायची, सुरावर आणायची. हे सेन्सेईंनी एकदाच, पाच वर्षांपूर्वी, सांगितलं होतं. तेव्हा वाटलं होतं, हे काय सांगताहेत, घोडी कशी पडेल. नववी तार जिथे यायची तिथे मी खालच्या सप्तकातला धैवत, चौथी तार, घेतला. एका ओळीत असं दोनदा. डावा हात घोडी शोधत होता. किमोनोची बाही वर आली होती आणि मनगट उघडं पडलं होतं, हे मला आठवतं. का आठवतं कोण जाणे. घोडी उभी केली, ढकलली, तार छेडायला वेळ नव्हता, पुढच्या मात्रेला ती वाजणारच होती. कुठे थांबवायची? आठवीच्या पंचमापासून किती अंतर, हे डोळ्याने नाही, हाताला वाटलं तिथे सोडली. वाजली. धैवत. जरा चढा, पण धैवतच.

बाकीचं कसं वाजलं ते मला आठवत नाही. वाकले. आत आल्यावर विसाव्या नंबरच्या मुलीने माझ्याकडे न बघता, हळूच, तिच्या नवव्या तारेची घोडी दोन बोटांनी दाबून बघितली.

तिला बक्षीस मिळालं. पहिलं नव्हे, पण मिळालं. मला नाही. ते अपेक्षितच होतं, मी रडलेही नाही. परतीच्या गाडीत मात्र मनात एकच चालू होतं : परकं वाद्य. दुकानातल्या त्या कोतोचा वरचा भाग गुळगुळीत होता, पॉलिश जास्त होतं, घोडीचे पाय धरत नव्हते, स्वतःचं वाद्य नेलं असतं तर. नवऱ्याला हे तीनदा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदाही ‘हो ना’ म्हटलं, म्हणजे त्याला पटलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी परीक्षकांचे शेरे आले, हाताने लिहिलेले. बहुतेकांनी ‘शेवटपर्यंत नेलंत’ असं काहीसं सौम्य लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं : घोडी पडल्यानंतरचं तुमचं वाजवणं ऐकण्यासारखं होतं. पडण्याआधीचं पान पुन्हा ऐका.

स्पर्धेचं रेकॉर्डिंग मिळालं होतं, मी अजून लावलं नव्हतं. त्या रात्री लावलं. घोडी पडण्याआधीचं पान. मला वाटत होतं मी उतारावर सावकाश जातेय. मी पळत होते. उजवा हात पुढे, डावा मागे, दर ओशिदेला उशिरा पोचणारा. उशिरा पोचला की तार दाबली जात नाही, वरून थपडली जाते, आणि थोडी आपल्याकडे ओढलीही जाते. ते ऐकू येतं. सहाव्या तारेला ऐकू येतं, ‘तो’ला ऐकू येतं, घोडी नवव्या तारेची पडली एवढंच. कुठलीही पडली असती. आणि पडल्यावर? पडल्यावर डावा हात कामाला लागला, उजव्याला वाट बघावी लागली आणि लय आपोआप जागेवर आली. तिथून पुढे चांगलं वाजलंय, माझं मलाच म्हणवतंय. मी ते पान अकरा वेळा ऐकलं असेल. मुलगा पाणी प्यायला उठला, म्हणाला, “आई, हेच हेच का लावतेस? यात तर ते पडतंय.”

पुढच्या शनिवारी सेन्सेईंकडे गेले. शेऱ्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी वाचला, घडी करून परत दिला. दुकानातल्या कोतोच्या पॉलिशबद्दल बोलायचं मी घरून पाठ करून आले होते. ते बोललेच नाही. डबी उघडली, घोड्या एकेक काढून मांडल्या. नवव्या तारेच्या घोडीचा पाय एका कडेला टवका उडून पांढरा झाला होता, पडताना झालं असणार. सेन्सेईंनी ती उचलली, अंगठ्याने कड चाचपली. मला वाटलं बदलून देतील. त्यांनी तीच परत नवव्या तारेखाली उभी केली, माझा डावा हात धरून तारेवर ठेवला आणि म्हणाल्या, दाबा.

दाबली. निषाद आला. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा. नाही. खाली नाही, आधी तारेपर्यंत या, मग खाली. पुन्हा.

दुपारी दोनला बसलो होतो. खांबावरच्या कर्ण्यातून भूप सुरू झाला तरी आम्ही दोघींनी नववी सोडून दुसऱ्या तारेला हात लावला नव्हता.